एलनबाईंचा मरका पंडुम

जंगलातल्या दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केली की दोनच गोष्टी घरी येतात. एक गुडघेदुखी, दुसरे किस्से. गुडघेदुखी निदान हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी असते. किस्स्यांना तसं काही नाही. अंगणात चार शेजारणी बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "सिस्टर, ते फॉरेनवाले डॉक्टर यायचे ना तुमच्याकडे, त्यांचं सांगा."

सांगते. पण आधीच बजावते. सुरुवातीला हसाल, नंतर माझ्यावर रागावू नका.

* * *

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचा दवाखाना आलापल्लीच्याही पुढे, माडिया लोकांच्या गावांमध्ये. मातीच्या भिंती, वर कौलं, वीस खाटा आणि एकच डॉक्टर. त्यांना आम्ही नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो, कारण दुसरा कोणी नव्हताच! अशा ठिकाणी परदेशातली डॉक्टरकी शिकणारी मुलं तीन-चार महिने अनुभव घ्यायला यायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत हॉलंडहून दोघं आले. पीटर आणि एलन. पीटरच्या एका बॅगेत फक्त डासांच्या औषधाच्या बाटल्या होत्या. रात्री मच्छरदाणी, मच्छरदाणीच्या आत अंगभर कपडे, कपड्यांच्या आत ते औषध. एलन मात्र साधी. पावणेसहा फूट उंच, पायात टायरची चप्पल. वॉर्डातल्या आयाबायांकडून पंधरा दिवसांत मराठी उचलली, पण कुठली, तर आमची झाडीपट्टीची! सगळ्यात आधी शिकलेला शब्द 'काऊन', म्हणजे 'का'. पेशंटला गोळी दिली, काऊन? सलाइन थांबवली, काऊन? डॉक्टर वैतागून म्हणायचे, "ही शिकायला आली आहे की माझी चौकशी करायला?"

* * *

मार्चमध्ये डॉक्टरांनी आम्हाला चार कोसांवरच्या एका गावी पाठवलं. नाव सांगत नाही, गाव अजून आहे. त्या गावातलं कोणी आजवर आपल्या पायांनी दवाखान्यात आलेलं नव्हतं. आम्ही जायचो, लोक प्रेमाने बसवायचे, मोहफुलांची दारू पुढे करायचे आणि आजारी माणसाला आत लपवायचे.

तिथे एलनला सोमी भेटली. असेल वीस-एकवीस वर्षांची, माझ्या खांद्याएवढी. सातवा महिना. आधीची दोन्ही मुलं जन्मताना गेलेली, दोन्ही वेळा तीन-तीन दिवस कळा. एलनने तिचं पोट, कंबर तपासली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, हिचं बाळंतपण घरी होणार नाही, ऑपरेशनच लागेल, नाहीतर या वेळी ही पण जाईल. त्या दिवसापासून एलनच्या डोक्यात दुसरा विषय राहिला नाही. सोमीला दवाखान्यात आणायचं, बस.

पीटरने काय केलं? झाडाला कैरी दिसली, तोडली आणि खाल्ली!

मरका म्हणजे आंबा आणि पंडुम म्हणजे सण. मरका पंडुम होऊन देवाला आंबा दिल्याशिवाय माडियांच्या गावात कोणी कैरीला हात लावत नाही. म्हाताऱ्यांनी बसून विचार केला आणि दंड ठोठावला, एक कोंबडा. पीटरने हसत हसत दिला.

आठव्या दिवशी पीटर तापाने फणफणला. डॉक्टरांनी रक्ताची स्लाइड बघून सांगितलं, मलेरिया. गावाने स्लाइड न बघताच सांगितलं होतं, कैरी! महिनाअखेर पीटर हॉलंडला परत गेला. औषधाच्या उरलेल्या बाटल्या आम्ही ढेकणांवर वापरल्या.

* * *

एप्रिलमध्ये मी जयंतीसाठी मूल या गावी माझ्या माहेरी गेले, तर एलन मागे लागली. तिलाही नेलं. दिवसभर एस.टी.चे धक्के खाऊन पोचलो. आईने तिला आपलं पांढरं लुगडं दिलं, ते तिच्या पोटऱ्यांपर्यंतच आलं. तशीच ती मिरवणुकीत गेली, निळा झेंडा घेऊन सगळ्यात उंच!

माझे वडील फार कमी बोलायचे. जेवताना त्यांनी एलनला विचारलं, तुमच्या गावात विहिरी किती? एलन म्हणाली, विहिरी नाहीत, घरोघरी नळ आहेत. वडिलांनी घास खाली ठेवला आणि खरंच विचारात पडून म्हणाले, "मंग तुमच्या इथी मानसायले अडवतेत कुठी?"

हसा. आम्हीही हसलो होतो. एलन हसली नाही. मला रात्रभर विचारत बसली की तुझ्या वडिलांना कोणी, कुठे अडवलं होतं.

* * *

आता सोमीकडे येते. तिच्या नवऱ्याच्या हातात काही नव्हतं, घरात शब्द चालायचा सासऱ्याचा. पुसू त्यांचं नाव. लाकडाच्या डेपोत काम केल्यामुळे त्यांना मराठी यायची. एलन दर आठवड्याला चार कोस चालत जायची, सोबत मी. पुसू ऐकून घ्यायचे आणि नाही म्हणायचे. चौथ्या फेरीला त्यांनी कारण सांगितलं.

"माह्या भावाले दूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तो मेला. कुठी गाडला, का जाळला, आजपावेतो मले मालूम नाई. शिवेभायेर मेला त जीव घरी येत नाई, बाई. भटकते."

मग एलनकडे बघून म्हणाले, "हे तुमच्या इथी मेली त घरी आणून देशीन का?"

आमच्यापैकी कोणीही म्हणालं असतं, ती मरणार नाही, काळजी करू नका. दवाखान्यात आम्ही हेच वाक्य दिवसातून दहा वेळा बोलतो. एलन म्हणाली, "हो. मी आणून देईन."

पुसू म्हणाले, मग कळा सुरू झाल्या की आणतो.

परतताना मी तिला चांगलं झापलं. असं अभद्र बोलतात का? ती मरणार नाही म्हणून सांगायचं सोडून! एलन चालता चालता थांबली आणि म्हणाली, "ते मले मालूम नाई, सिस्टर."

* * *

मे महिन्यात त्याच गावचा मरका पंडुम आला आणि पुसूंनी एलनला बोलावणं पाठवलं. माझी ड्यूटी होती, ती एकटीच गेली. निघताना लहान पोरीसारखी खूश होती.

संध्याकाळी परत आली तेव्हा केसांत कोंबड्याची पिसं, गळ्यात मण्यांच्या माळा, पाय धुळीने लाल. रेला नाचली होती. रेला म्हणजे बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून, गाणं म्हणत फेर धरायचा. सकाळपासून दुपारपर्यंत नाचली. सोमीला विचारलं तर कोणी काही बोललं नाही. नववा महिना भरत आलाय, आराम करत असेल, असं तिला वाटलं. सणाच्या गडबडीत तिनेही लावून धरलं नाही.

एक मजा मात्र तिने आम्हाला रंगवून सांगितली. एक म्हातारी तीनदा आली आणि तिचा हात धरून ओढत राहिली. एलनला वाटलं, आजीला नाचायचंय. तिने म्हातारीच्याच कमरेला हात घातला आणि तिला फेरात घेतलं! तिन्ही वेळा! आम्ही स्वयंपाकघरात पोट धरून हसलो. डॉक्टरसुद्धा हसले.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमीला खाटेवर घालून आणलं. सोबत पुसू, सोमीचा नवरा आणि ती म्हातारी, म्हणजे आमच्या फेऱ्यांत कधी आतून बाहेर न आलेली सोमीची सासू. म्हातारीने खाट खाली टेकल्याबरोबर एलनचा हात धरला आणि सोमीकडे ओढला.

एलनचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

कळा पंडुमाच्या सकाळीच सुरू झाल्या होत्या. माडिया बायका कळांत ओरडत नाहीत. घरामागच्या वेगळ्या झोपडीत सोमी होती, नाच चालला होता तिथून पन्नास पावलांवर. देवाची पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी शेवटचा कोंबडा कापेपर्यंत कोणी शीव ओलांडायची नाही आणि बाळंतपणाचा शब्दही तोंडातून काढायचा नाही. म्हातारीला बोलता येत नव्हतं म्हणून ती ओढत होती.

मला राग आला. देवावर, पुसूवर, एलनवर, माझ्या ड्यूटीवर. कोणावर किती, याची वाटणी मला अजून जमलेली नाही.

मूल आतच गेलं होतं आणि पिशवी फाटली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. आमच्याकडे रक्तपेढी कुठली! एलनचा ओ ग्रुप होता, तिने एक बाटली दिली. दुसरीही घ्या म्हणत होती, डॉक्टरांनी हात झटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सोमी गेली. मीच डोळे मिटले.

पुसू व्हरांड्यात बसले होते. रडले नाहीत. एलनकडे बघितलं आणि विचारलं, "मंग?"

* * *

जीप ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला चंद्रपूरला गेलेली, संध्याकाळशिवाय येणार नव्हती. डॉक्टर म्हणाले, थांबा. मे महिन्यात, त्या उन्हात, कसं थांबणार? एलन म्हणाली, मी आत्ता नेते.

वॉर्डातले पुरुष मागे सरकले. बाळंतपणात गेलेल्या बाईला खांदा द्यायला आमच्याकडे भले भले घाबरतात. त्यांना मी दोष देत नाही. उरले पुसू, सोमीचा नवरा, एलन आणि चौथी मी. मी का गेले म्हणाल, तर मायेने वगैरे नाही. रागात पाय उचलले आणि निघाले.

थोडं गेल्यावर कळलं की खाट तिरकी होतेय. आम्ही तिघं बुटके आणि ही पावणेसहा फूट. सोमी आमच्या बाजूला घसरायला लागली. तेव्हा एलनने गुडघे वाकवले. अंगातलं एक बाटली रक्त देऊन, उलटीला दोनदा थांबून, ती चार कोस गुडघे वाकवून चालली. म्हातारी पुढे चालत होती आणि खाटेवर येणारी झुडपं हाताने बाजूला धरत होती.

शिवेवर गावातल्या बायका उभ्या होत्या. पुसूंनी खाट आत नेली, मग आम्हाला पाणी दिलं. एलनला कोणी शिवी दिली नाही, कोणी जवळही घेतलं नाही. परतताना ती म्हणाली, कोणीतरी मारायला हवं होतं मला. खरं सांगू? अर्ध्या वाटेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर तिचं 'काऊन' बंद झालं. डॉक्टर जे सांगतील ते करायची, मान खाली घालून. डॉक्टरांनाच चैन पडेना. राउंड घेताना थांबून म्हणायचे, "विचार ना काहीतरी." तिने हॉलंडला पत्र लिहिलं होतं की मी डॉक्टरकी सोडते. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते माझ्या ट्रंकेत ठेवलं. चूक की बरोबर, ते तुम्ही ठरवा.

* * *

एलन परत जायच्या तीन-चार दिवस आधीची गोष्ट. सकाळची ओ.पी.डी. चालू होती. जंगलातून एकामागे एक दोन खाटा आल्या. एकीवर अस्वलाने गाल फाडलेला माणूस, दुसरीवर सातव्या महिन्याची, अंगावर सूज आलेली बाई. मागे पाच-सहा जण चालत, तापाचे, खोकल्याचे. सगळे सोमीच्या गावचे. आणि सगळ्यांच्या पुढे पुसू!

डॉक्टर धावतच बाहेर आले. सहा वर्षं त्या गावात आरोग्याची भाषणं देऊन त्यांचा घसा बसला होता. कंपाउंडर, आया, ड्रायव्हर, सगळ्यांना त्यांनी हाक मारून गोळा केलं. एलनला ड्रेसिंग अर्धवट टाकून बोलावून घेतलं. मग पुसूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, एवढी वर्षं आला नाहीत, आज अख्खं गाव घेऊन आलात, का आलात ते आमच्या लोकांना जरा तुमच्या तोंडून सांगा.

पुसूंनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. एलनपाशी थांबले.

"हा दवाखाना चांगला हाये," ते म्हणाले. "मेलेलं मानूस घरी आणून देतेत."