चौदा नंबरच्या बसमधलं कॉलेज

मार्लीन कांगसला कुणी विचारलं, की बाई, तुम्ही शिकलात कुठे, तर ती खिडकीबाहेर बघायला लागायची. लाज वाटायची असं नाही, पण उत्तर लांबलचक होतं आणि विचारणाऱ्याला तेवढी सवड नसायची. चोवीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या वरच्या मिशिगनमध्ये नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही, आणि त्या बर्फातून रोज सकाळी बेचाळीस पोरं उचलून शाळेत पोचवायची म्हणजे काही चेष्टा नाही. तिच्या बसला एवढ्या वर्षांत साधा ओरखडा आला नाही. पण ओरखडा न येण्याची डिग्री कुठलं विद्यापीठ देतं, सांगा बघू!

सात वर्षांपूर्वी वाहतूक प्रमुख लॉइड तिला म्हणाला होता, "माझ्यामागे या खुर्चीवर तूच बसायला हवीस. पण नियमात डिग्री लागते. आहे का?" नव्हती. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. घरी जाऊन तिने नवऱ्याला, रुडीला, सांगितलं. रुडी लाकडाच्या गिरणीत कामाला, बोलायला महाकंजूस. तो जेवणाच्या ताटातून मान वर न करता म्हणाला, "मग घे की." झाला निर्णय.

सहाशे मैलांवरच्या एका विद्यापीठात तिने ऑनलाइन नाव घातलं. त्याची इमारत तिने आजतागायत पाहिलेली नाही. लोक याला घरबसल्या शिक्षण म्हणतात. आता हिच्या घरात बसून शिकणं कसं व्हावं? पाइनच्या जंगलात घर, इंटरनेट आलं तर आलं, नाही तर नाही. ते चांगलं चालायचं बसच्या गॅरेजात. म्हणून सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत ती आपल्या चौदा नंबरच्या बसमध्येच, तिसऱ्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. शाळेच्या मुली बास्केटबॉल खेळायला दुसऱ्या गावी गेल्या, की ड्रायव्हरला तीन-तीन तास बसमध्ये वाट बघावी लागते. ते तासही तिने अभ्यासाला लावले. आत मुली जिंकोत नाहीतर हरोत, बाहेर ही आपली प्रश्नपत्रिका सोडवतेय.

आणि मग व्हर्न नीमी. गॅरेजचा मेकॅनिक, वय एकाहत्तर, सोळाव्या वर्षी शाळा सोडून जो पाना हातात घेतला तो अजून सोडलेला नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. आमच्याकडे थंडीत इंजिन गोठू नये म्हणून बसला विजेची वायर जोडून ठेवतात. व्हर्नने त्याच खांबावरून आणखी एक वायर ओढून चौदा नंबरच्या खिडकीतून आत सोडली, लॅपटॉपसाठी आणि छोट्या हीटरसाठी. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

"काय ग पोरी," तो रोज साडेबाराला डबा घेऊन बसच्या पायरीवर बसायचा, "आज काय शिकवलं तुझ्या कॉलेजने?"

"डोकं उठलंय. संख्याशास्त्र. तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही म्हणजे तुला सांगता येत नाही. सांग."

मग ती सांगायची. आधी आपली लाजेकाजेस्तव, पुढे गरज म्हणून. कारण व्हर्नला सांगितलेलं डोक्यात पक्कं बसायचं. आणि हा म्हातारा काही मुकाट ऐकून घेणारा नव्हता. पेस्टीचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या आमच्याकडच्या मोठ्या करंजीचा, घास तोंडात धरून वाद घालायचा. ड्रायव्हर नोकरी का सोडतात यावर तिने एकदा वीस पानी निबंध लिहिला. व्हर्नने तो ऐकला आणि म्हणाला, "सगळा चुकलाय. पगारासाठी सोडतात म्हणतेस, पण पगारावर बोट ठेवून गेला असा मला एक दाखव. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून जातात." ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने निबंध नव्याने लिहिला.

गेल्या मे महिन्यात डिग्री आली. टपालाने, पुठ्ठ्याच्या पाकिटात. सोबत मोटारीला लावायचा एक स्टिकर. टोपी नाही, झगा नाही, टाळ्या नाहीत. व्हर्नने हात तेलकट म्हणून पाकिटाला हात लावला नाही. म्हणाला, "धर जरा वर. वाचू दे." आणि चष्मा पुसून त्याने तिचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने हीटरच्या धुरावर ढकललं. हीटर विजेचा होता.

आमच्या शाळांत एक रिवाज आहे. शुक्रवारी सगळ्यांनी आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून यायचं. शिक्षक, कारकून, नर्सबाई, सगळे. कॉरिडॉरमध्ये नुसती रंगपंचमी आणि जुन्या मॅचेसवरून भांडणं. मार्लीन शुक्रवारीसुद्धा आपलं करडं जॅकेटच घालायची. तिच्या विद्यापीठाचेही शर्ट मिळायचे, पण जिथे पाऊल टाकलं नाही त्या जागेचा शर्ट कशाला मिरवायचा, असं तिला वाटायचं. गावच्या शाळांचा प्रमुख, सुपरिंटेंडंट कर्टिस हॅल्व्हरसनने हिरव्या शर्टात एकदा हसत विचारलंही होतं, "मार्लीन, तुमच्या कॉलेजची टीम असते का हो कुठली?" तो सहज बोलला. हिला ते महिनाभर टोचलं.

यंदा लॉइड निवृत्त झाला आणि जागेची जाहिरात निघाली. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा. त्यात एक रकाना होता: शिक्षण कोणत्या कॅम्पसवर झाले. मार्लीनने तो रिकामा सोडला, तर फॉर्म पुढे सरकेना. 'ऑनलाइन' लिहावं, तर गावाचं नाव लिहा म्हणून लाल अक्षरं. विद्यापीठाचं गाव लिहिणं तिला खोटं वाटलं. तिथे ती गेलीच नव्हती. शेवटी वैतागून तिने खरं होतं तेच लिहिलं: बस क्रमांक १४, टॅमरॅक हार्बर. फॉर्म सुळकन पुढे गेला.

मुलाखतीला हॅल्व्हरसनने तोच कागद समोर ठेवला होता आणि त्या ओळीवर पिवळी रेघ मारली होती.

"मार्लीन, ही थट्टा आहे का?"

"नाही, मिस्टर हॅल्व्हरसन."

"शाळेच्या बोर्डातल्या दोघांना ती थट्टा वाटली. म्हणाले, बाईला या जागेचं गांभीर्य नाही." त्याने चष्मा काढला. "हे बघा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण याआधी मी एका माणसाला असाच ऑनलाइन कागद बघून घेतलं होतं. पुढे कळलं, त्याच्या सगळ्या परीक्षा त्याच्या मेहुणीने दिल्या होत्या. हात पोळलेत माझे. दुसरा उमेदवार चार वर्षं कॅम्पसवर राहून शिकलाय, त्याचे प्राध्यापक फोनवर अर्धा अर्धा तास बोलतात. तुम्हाला शिकताना कुणी पाहिलंय का? डोळ्यांनी?"

सहा वर्षं, एक्केचाळीस विषय, आणि हा विचारतोय कुणी पाहिलं का!

"व्हर्नने पाहिलंय," ती म्हणाली.

"कोण, मेकॅनिक व्हर्न?"

"हो."

हॅल्व्हरसनने ते लिहून घेतलं, पण लिहिताना त्याचा चेहरा पडला तो तिने पाहिला. घरी येऊन तिने रुडीला सांगितलं, "गेलं ते." रुडीने तिच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा बटाटा वाढला. त्याला तेवढंच येतं बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून ती बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत चालत गेली. कुणी पोर झोपून राहिलेलं नाही ना, ते बघून मागच्या काचेत 'बस रिकामी आहे' ही पाटी लावायची, असा आमच्याकडे नियम. ती पाटी लावत होती, तेवढ्यात बाहेर बूट वाजले.

"व्हर्न, दोन मिनिटं आहेत का?" हॅल्व्हरसनचा आवाज.

"या शेजारच्या बसखाली आहे मी. बोल, कान बाहेरच आहेत."

मार्लीन शेवटच्या बाकावर बसून राहिली. बाहेर जावं तरी पंचाईत, न जावं तरी पंचाईत.

"मार्लीनच्या अर्जाबद्दल. ती खरंच इथे शिकायची? स्वतः?"

"नाही, मी तिच्या परीक्षा द्यायचो," व्हर्न बसखालून म्हणाला. "ह्या तोंडाने. काय विचारतोस कर्टिस!"

"मला विचारावं लागतं, व्हर्न."

चाकं लावलेल्या फळीवरून व्हर्न सरकत बाहेर आल्याचा आवाज झाला. "मग ऐक. तिसऱ्या सत्राला तिला संख्याशास्त्र होतं. सरासरी म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?"

"अर्थातच."

"नाही ठाऊक. त्या वर्षी तुझ्या कागदावर होतं, आपल्या बसेसना सरासरी चार मिनिटं उशीर होतो. तू खूश. तिने गृहपाठाला आपल्याच फेऱ्यांचे आकडे घेतले. मला या पायरीवर बसवून दाखवलं, की चार मिनिटं ही सरासरी झाली. पण ऑटर रोडच्या टोकाला दोन बहिणी उभ्या राहतात, त्यांना रोज बावीस मिनिटं. उणे वीसच्या थंडीत बावीस मिनिटं, कर्टिस. बाकीची सगळी पोरं जवळजवळ वेळेवर, म्हणून त्या दोघी तुझ्या सरासरीत बुडाल्या. मग तिने कागदावर फेरीची दिशा उलटी केली आणि कागद लॉइडला दिला."

"ऑटर रोडचा बदल लॉइडने केला होता," हॅल्व्हरसन म्हणाला.

"लॉइडने सही केली होती. आणखी सांगू? चौथ्या सत्राला कामगार कायदा. पाचव्याला माणसं कशी सांभाळायची. त्यात मी तिचा एक निबंध पाडला होता, तो तिने पुन्हा लिहिला. मला सगळे विषय क्रमाने पाठ आहेत. तुझ्या त्या कॅम्पसवाल्याचे प्राध्यापक अर्धा तास बोलतात ना? मी दुपारपर्यंत बोलेन. ऑइल तेवढं गळू दे."

"आणि अर्जात कॅम्पस म्हणून तिने बसचा नंबर..."

"मग काय लिहायचं? तिथेच शिकली ना ती! वायर बघ, अजून लोंबतेय त्या खांबावरून. तू तिसरीत असताना या चौदा नंबरच्या आधीच्या बसमध्ये ओकला होतास, ती मी धुतली. मी कुणाला सांगितलं का? मी तोंडाला येईल ते बोलणारा असतो तर केव्हाच गावभर केलं असतं."

हॅल्व्हरसन हसला. पण लगेच थांबला. थोड्या वेळाने चौदा नंबरचं दार उघडलं. तो पायऱ्या चढून वर आला, तिसऱ्या बाकाजवळ उभा राहिला. बाकाचं रेक्झिन एका जागी झिजून पांढरं पडलं होतं. खिडकीच्या पट्टीवर तिने पेन्सिलीने सूत्रं लिहिली होती, पुसली होती, पुन्हा लिहिली होती. मग त्याला मागे मार्लीन दिसली, हातात पाटीची दोरी धरून बसलेली, नाक लाल झालेलं.

"मी माफी मागतो, मार्लीन," तो म्हणाला. "बोर्डाला मी हे बाक दाखवायला आणणार आहे."

आणलंच त्याने. मंगळवारी बोर्डाची पाचही माणसं बर्फाळ बुटांनी बसमध्ये चढली. बुधवारी मार्लीनला नेमणुकीचं पत्र मिळालं. ती गॅरेजात धावत गेली आणि व्हर्नला तेलकट कपड्यांसकट मिठी मारली. "अग, जॅकेट खराब होईल," एवढंच तो म्हणत राहिला.

शुक्रवारी ती नव्या खोलीत बसली होती, पहिल्यांदाच. दारात व्हर्न आला. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली आणि हातात एक पार्सल. तिने उघडलं. आत निळा शर्ट होता, तिच्या विद्यापीठाच्या नावाचा.

"दोन मागवलेत मी," व्हर्न जमिनीकडे बघत म्हणाला. "एक माझ्या मापाचा. घातलाय आतून. पण ते बरोबर नाही ना ग? मी एकही परीक्षा दिली नाही. पंचावन्न वर्षांत मला शुक्रवारचा शर्ट नव्हता, म्हणून आपलं... काढून ठेवतो."

मार्लीन टेबलाच्या पलीकडून उठून आली.

"सहा वर्षांत किती वर्ग बुडवलेस, व्हर्न?"

"एकही नाही."

"मग गप उभा राहा," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने त्याच्या जॅकेटची चेन खाली ओढली.