बटाट्यांशेजारचं तळं

"मॅडम, सोमवारपर्यंत शीतखोली रिकामी हवी," पुष्कर दातार म्हणाले. "आपण समजून घ्याल."

"समजलं," शालनताई म्हणाल्या. "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. आमच्या बार्शीला याचा जो अर्थ, तोच पुण्यात."

दातार संस्थेचे नवे संचालक. मऊ बोलायचे, शिपायालाही 'आपण' म्हणायचे आणि हवं ते करून घ्यायचे. त्यांना ती थंड खोली नव्या संगणकांसाठी हवी होती. संगणक फार तापत होते. आणि आठवड्याभरात निवृत्त होणाऱ्या डॉ. शालन बारबोले यांनी त्याच खोलीत चिखल भरून ठेवला होता.

चिखलच. दुसरा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. हिमनदीच्या पायथ्याशी तळं साठतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून गढूळ पाणी येतं, त्याचा भुरकट थर तळाशी बसतो. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, पाणी निपचित पडतं आणि उरलासुरला बारीक गाळ काळ्या रेघेसारखा खाली उतरतो. दर वर्षाला थरांची अशी एक जोडी. लांब नळी रुतवून हा गाळ अख्खा वर काढायचा आणि नळी उभी चिरायची. एक अर्धा कामाला घ्यायचा, खरवडून तपासून संपवायचा. दुसरा अर्धा झाकून थंडीत ठेवायचा. वाद उभा राहिला, तरच त्याला हात लावायचा.

या चिखलात शालनताईंची हयात गेली होती. वडील पुण्याच्या मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहायचे. मुलगी भूशास्त्राला गेली तेव्हा म्हणाले, "दगडं बघायला कॉलेज कशाला लागतं? आपल्या गावाकडं ढीग पडलेत." पण आल्यागेल्याला सांगताना "आमची शालन दगडांची डॉक्टर होणार" असंही तेच सांगायचे. पुढे उत्तर ध्रुवाजवळच्या एका मोहिमेची निवड चालली होती. समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बोटीवर लेडीजची सोय नाही हो."

चाळिशी उलटलेल्या शालनताईंनी विचारलं, "गैरसोय माझी होणार आहे की तुमची?"

ती मोहीम त्यांच्याशिवाय गेली. पुढची त्यांना घेऊन गेली, आणि त्यानंतरची त्यांनीच चालवली. दोन कड्यांच्या मधून समुद्र आत शिरतो आणि टोकाला हिमनदी धाडकन पाण्यात कोसळते, अशा एका फ्योर्डच्या तळाचा गाळ त्यांनी पुण्यात आणला.

नाव मात्र झालं ते हिमालयातल्या एका तळ्यामुळे. तिथल्या बारीक थरांच्या मधोमध वीतभर जाडीचा वाळूचा पट्टा सापडला. शालनताईंनी लिहिलं, हा पूर आहे. वरचं हिमतळं फुटून आलेला. ते पाठ्यपुस्तकात गेलं. आणि आता, वीस वर्षांनी, वाघोलीच्या कॉलेजात शिकवणारी तनया नावाची मुलगी म्हणत होती की बारबोले मॅडम चुकल्या. तो पूर नव्हता, भूकंप होता. काठ घसरला आणि वाळू तळाशी गेली. खालच्या गावांनी पुढे पुराला जास्त भ्यायचं की भूकंपाला, हे त्यावर ठरणार होतं. तनयाने राखून ठेवलेला अर्धा भाग तपासायला मागितला होता. नवा गाळ आणायचा तर ते तळंच राहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा बांध फुटला आणि ते तळासकट वाहून गेलं. त्याचं जे काही उरलं होतं, ते पुण्यातल्या त्या खोलीत.

"खरं सांगू?" दातारांनी आवाज आणखी मऊ केला. "आपल्याच भल्याचं आहे. फोटो आहेत, आकडे आहेत. चिखल नसेल तर वादही नाही. आपलं नाव पुस्तकात आहे तसं राहील."

क्षणभर शालनताईंना ते गोड वाटलं. गोड वाटलं म्हणूनच त्या भडकल्या.

"दातार, हा चिखल संस्थेच्या लेखी काय आहे? मालमत्ता की कचरा?"

"अर्थात मालमत्ता."

"मग टाकता कशी?"

"निरुपयोगी ठरवून. रीतसर."

"म्हणजे कचरा. मग मी उचलून नेते."

"तसं कसं? आपण संस्थेची वस्तू घरी..."

"मालमत्ता असेल तर सांभाळा. कचरा असेल तर मी नेते. दोन्ही एकदम नाही चालायचं. ठरवा सावकाश, मी बसलेय. चहा सांगा."

दातारांनी चहा सांगितला नाही.

"कचरा," ते शेवटी म्हणाले. "पण कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही."

"मला विचारलं तर मी सगळं सांगेन," शालनताई म्हणाल्या आणि तिथूनच भावाला फोन लावला.

भावाचा, उत्तरेश्वरचा, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता आणि मागे लहानसं शीतगृह. तो छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, नळ्यांकडे बघून डोकं खाजवलं.

"आक्का, ह्यात हाय तरी काय?"

"चिखल."

"कुठला?"

"हा हिमालयातला. तो उत्तर ध्रुवाजवळचा."

"आन् आपल्या पुण्यात काय चिखलाची टंचाई पडली व्हय?"

"आडव्या ठेव. आदळू नकोस."

"कवा इकायचा?"

"विकायचा नाही. थंडीत ठेवायचा. गोठवायचा नाही, नुसता गार ठेवायचा. तुझं बटाट्याचं बेणं ठेवतोस तसा."

"चार डिग्री?"

"चार."

"मंग बटाटंच हाय की हे," उत्तरेश्वर म्हणाला आणि पहिली नळी खांद्यावर घेतली.

यार्डात बातमी पसरली, तशी थट्टाही. शेजारचा आडत्या रोज विचारायचा, "बारबोले, चिखलाला कोंब फुटले का?" संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी फोन करून विचारलं, शोभतं का हे तुम्हाला? "थंडीत ठेवलंय, शोकेसमध्ये नाही," असं म्हणून शालनताई फोन ठेवत. निवृत्तीच्या समारंभाची शाल त्यांनी घेतली आणि तीच पांघरून शीतगृहात रोज तापमान बघायला जाऊ लागल्या. मग त्यांनी वाघोलीला निरोप धाडला.

तनया आली ती बटाट्याच्या पोत्यांमधून वाट काढत, बावरलेली.

"मॅडम, मला वाटलं होतं, तुम्ही देणार नाही."

"देत नाहीच आहे. इथे काप, माझ्यासमोर."

क्रेटवर फळी टाकून टेबल केलं होतं. शालनताईंनी झाकण काढलं. ओल्या गाळाचा गार वास आला. भुरकट, काळी, भुरकट, काळी अशा रेघा आणि मधे तो वाळूचा पट्टा.

"तुझं म्हणणं सांग. मोठ्याने."

"पूर चढत येतो," तनया म्हणाली. "म्हणजे खाली बारीक, मग जाड, मग परत बारीक वाळू हवी. काठ घसरला असेल तर सगळ्यात जाड वाळू थेट बुडाशी. तुम्ही तेव्हा बोटभर अंतराने नमुने घेतलेत. पट्ट्याचं बूड दोन नमुन्यांच्या मधे राहून गेलं."

"राहिलं," शालनताई म्हणाल्या. "बरोबर पकडलंस."

उत्तरेश्वर कडेला उभा होता. न राहवून बोलला, "आक्का, ही तुझी चूक काढाया आलीय, आन् तू हिला जागा पुसून देतीस?"

"चहा सांग दोन. हिला साखर जास्त, लांबून आलीय."

तनयाने पातं उचललं. पट्ट्यावरून हलकेच, आदराने, नखाएवढा पापुद्रा काढला आणि थांबली. दुसरा काढला, तोही तेवढाच. शालनताई तिच्या खांद्यावरून बघत होत्या. वरच्या ओल्या लेपाखाली पट्ट्याचं बूड अजून उघडं पडत नव्हतं.

"तनया."

"हो मॅडम?"

"असं वरवर खरवडून मी खोटी ठरायची नाही. आणि खरीही नाही. खोल घे."

तनयाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पातं पार बुडापर्यंत दाबलं.