भूगोलाच्या बाईंची बैठक

अख्ख्या वसई-विरारमध्ये सभा कशी चालवावी हे एकाच माणसाला कळतं, आणि ते माणूस म्हणजे आमच्या भूगोलाच्या बाई. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. मी कॉलेजचा ग्रंथपाल. त्यांची विद्यार्थी मंडळाची बैठक दर शुक्रवारी माझ्याच वाचनालयात भरायची, म्हणजे सलग अकरा वर्षं मी ती सोसली आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी एकटाच बोलतो आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात. बाईंच्या बैठकीत मंडळाचा सेक्रेटरीसुद्धा वालाच्या शेंगा सोलायचा.

हो, शेंगा. बाई पिशवीभर शेंगा आणायच्या, मोसम नसला तर मेथीच्या जुड्या, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्रत्येकाच्या पुढ्यात ढीग घालायच्या. "नुसतं बसवलं की पोरं लाजतात. हात चालू असले की बोलतात," हे त्यांचं शास्त्र. एकदा प्राचार्य अचानक डोकावले. बाई पोरांकडून घरची कामं करून घेताहेत असं त्यांना वाटलं असावं. बाईंनी त्यांच्यापुढेही एक जुडी सरकवली. प्राचार्य दहा मिनिटं मेथी निवडत बसले आणि जाता जाता वाचनालयाचे पंखे दुरुस्त करून द्यायचं कबूल करून गेले. ते पंखे मी तीन वर्षं मागत होतो.

सगळे एकेकदा बोलल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही, असा कडक कायदा होता. गेल्या वर्षीचा अध्यक्ष नायगावच्या एका नव्या टॉवरमध्ये राहणारा, हुशार आणि भलताच बोलका. त्याचे हाल बघवत नसत. "मॅडम, एक अर्जंट पॉइंट आहे, नंतर विसरून जाईन मी." त्यावर बाई शेंगेवरची नजर न काढता म्हणायच्या, "विसरलास तर अर्जंट नव्हता, बाळा." इतिवृत्ताच्या वहीत कुणी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं याचा वेगळा रकाना होता. त्यात एकदा बाईंचंच नाव आलं, तर त्यांनी ते स्वतःच्या हाताने लाल शाईत गिरवलं.

पण त्यांची खरी करामत म्हणजे थांबणं. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. कुणी बोललं नाही तरी गप्प. एकदा मला वाटलं, बाईंना डुलकी लागली, म्हणून मी खोकलो. त्या दिवशी त्या रकान्यात माझं नाव लागलं.

गेल्या वर्षी अर्नाळ्याची एक मुलगी मंडळात होती. वर्गातून दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून निवडून आलेली. सहा महिने तिची पाळी आली की ती मान हलवायची आणि शेंगा सोलायची. डिसेंबरात तिने बाईंच्या हातात राजीनामा ठेवला. 'मला जमत नाही', एवढंच. बाईंनी तो परत दिला. "वर्गाने निवडलंय तुला. शुक्रवारी सगळ्यांसमोर वाच, मग घेते."

त्याच शुक्रवारी स्नेहसंमेलनाची वेळ ठरायची होती. अध्यक्ष म्हणाला, "संध्याकाळी पाच. लाइटिंग भारी दिसेल, पेरेंट्सपण येतील." एकेक करून सगळ्यांनी होकार भरला आणि पाळी त्या मुलीवर आली. तिच्या हातात राजीनाम्याचा कागद होता. बाईंनी विचारलं, "पाच वाजता चालेल?" आणि त्या थांबल्या. अध्यक्षाने तोंड उघडलं, तसं बाईंनी नुसतं बोट वर केलं. मी माझ्या टेबलामागे या वेळी खोकला दाबून धरला.

"नाय चालनार," ती म्हणाली. "आमी सा जनी सांजच्याला आईसंगती बाजारात मासली विकाया बसतो. पाचला ठेवलात तर आमचा नाच कोन करनार? सकाली ठेवा."

"अरे यार, हे आधी बोलायचं ना!" अध्यक्ष कळवळून म्हणाला, आणि वेळ सकाळी अकराची ठरली. राजीनामा सालांबरोबर कचऱ्यात गेला.

मुलं गेली तरी बाई बसूनच होत्या. "मला आधीच ठाऊक होतं हो," त्या म्हणाल्या. "तिच्या आईकडूनच मी बोंबील घेते, तिनेच सांगितलं. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या."

"मग सांगून टाकायचं!"

"मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या बाईंनी माझ्या वतीने असंच सांगून टाकलं होतं. काम झालं माझं. फार चांगल्या होत्या त्या. पण मोठ्यांच्यात बोलायचं माझं राहूनच गेलं. स्टाफच्या मीटिंगमध्ये कधी ऐकलंय तुम्ही मला?"

मी आठवून पाहिलं. अकरा वर्षांत एकदाही नाही, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?" बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या सावरून बसल्या, ओठ किंचित हलले. मी समोरच होतो, मला स्पष्ट दिसलं. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, सगळ्यांचे आभार मानले आणि चहा आला. 'जरा थांबा', एवढे दोनच शब्द मी म्हणायला हवे होते. ते मला सुचले तेव्हा बाई हसत हसत सगळ्यांना बिस्किटं वाटत होत्या.