मिस्त्रीचाचांचं बाकडं

मिस्त्रीचाचांना किळस यायची ती वाईट कामाची. रस्त्यात मेलेलं मांजर ते शांतपणे उचलून कडेला ठेवत. पण कपाटाचा वेडावाकडा सांधा दिसला की त्यावरून अंगठा फिरवत आणि लगेच तो लेंग्याला पुसून टाकत. "ओकारी येते रे," म्हणत. रियाधच्या अल सुलै भागातल्या आमच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये त्या अंगठ्याला सगळेच घाबरायचे. मी नाशिकचा, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारा. ते गुहागरकडचे, रियाधमध्ये सुतारकाम करण्यात उमर गेलेली. मराठी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे त्यांच्या शिव्या नीट समजणारा मी एकटाच.

ज्याच्या व्हिसावर आम्ही कामाला होतो त्या आमच्या कफीलच्या एका मित्राची बुरैदा शहराजवळ खजुराची बाग होती. तिथे उंदरांनी उच्छाद मांडला होता. ठिबकच्या नळ्या कुरतडायचे, कोवळी मुळं खायचे. बसून, फळीवर बंदूक टेकवून त्यांना टिपायला त्याने घडीचं परदेशी बाक आणलं होतं. कोपर टेकवलं की ते डुलायचं. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला, पुसला. "ह्याच्यावर कांदासुद्धा चिरू नये," म्हणाले. नवीन बनवायचं काम आमच्याकडे आलं.

मी चार पायांचं ड्रॉइंग काढून नेलं. त्यांनी ते नाकासमोर धरलं, जसं काही त्याला वास येत होता. "ओबडधोबड जमिनीवर चार पाय कधी एकदम टेकतात काय? एक लटकतच राहणार. तीन काढ." पायांखाली ताटलीएवढ्या पत्र्याच्या चकत्या आल्या, वाळूत रुतू नयेत म्हणून. बसायची जागा फळीलाच जोडली, म्हणजे माणूस वळला की फळीही वळेल. सगळं चार बोल्टांवर सुटणारं, एकट्याने उचलून पिकअपमध्ये टाकता येईल असं. बागेचा मालक आला तेव्हा चाचांनी त्याला खोक्यावर बसवलं, हातात झाडू दिला आणि नेम धरायला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या कागदावर उजव्या हाताचा माणूस बसलाय. हा डावखुरा आहे." फळीतली छातीसाठीची खाच मी दुसऱ्या बाजूला घेतली.

हिवाळ्यात आम्ही दोघं ते पोचवायला गेलो. बागेत मालकाचे तीन-चार पाहुणे जमले होते. मालकाने बसून दोन उंदीर टिपले. बाक तसूभर हललं नाही. चाचांनी फळीवरून अंगठा फिरवला आणि प्रथमच तो पुसला नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. याहून मोठी शाबासकी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

आम्ही राखणदाराच्या खोलीत चहा घेत होतो. बाहेर गोळ्यांचे आवाज थांबेनात. बाहेर येऊन पाहिलं तर पाहुण्यांना उंदरांचा कंटाळा आला होता. पलीकडे घासाच्या वाफ्यात तुरेवाले हुदहुद पक्षी किडे टिपत हिंडत होते. त्यातले सहा मारून बाकाच्या फळीवर ओळीने मांडले होते आणि फोटो काढणं चाललं होतं. रक्त लाकडात मुरत होतं. एका पक्ष्याचा तुरा अजून उघडत-मिटत होता.

"हुदहुद मारणं हराम!" चाचा ओरडले. मग मोडक्या अरबीत, "किडे खातो तो. तुमचंच शेत राखतो!" एका पाहुण्याने मान खाली घातली. बाकीचे हसले. मालक म्हणाला, "खलास, बस करो, मिस्त्री. चाय पियो."

चाचांनी पिकअपमधून पाना आणि कुऱ्हाड काढली. मी त्यांची बाही धरली. "चाचा, सोडा. कफीलचा दोस्त आहे. इकामा रद्द केला तर घरी जावं लागेल, याचा तरी विचार करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर तसं ते फक्त भुसकट सुटणाऱ्या हलक्या प्लायकडे पाहायचे. बाही सोडवून घेतली. पक्षी एकेक करून आपल्या रुमालात ठेवले, चार बोल्ट काढले आणि फळीवर कुऱ्हाड घातली. फळी लवकर फुटेना. त्यांनीच बनवलेली होती.

कफीलने सांगितलं, माफी माग आणि दुसरं बनवून दे. "माझ्या हातून दुसरं होणार नाही," चाचा म्हणाले. पंधरवड्यात त्यांचा फायनल एक्झिट लागला, कायमची रवानगी. निघताना हत्यारांची पेटी बांधत ते मला म्हणाले, "तेवढं ड्रॉइंग पुसून टाक."

"हो, चाचा."

पुढच्याच आठवड्यात कफीलने ड्रॉइंग मागितलं. माझी बायको इथे, मुली इथल्या शाळेत. मी प्रिंट काढून दिली. नवीन सुताराने ड्रॉइंगबरहुकूम बाक बनवलं. चांगलं झालं. ते गाडीत चढवायला मीही हात लावला आणि नंतर दोनदा साबणाने हात धुतले.

गेल्या ईदला चाचांचा फोन आला. गावच्या मशिदीचे दरवाजे करतोय म्हणाले; तिथल्या लाकडाला आणि माणसांना मनसोक्त नावं ठेवली. मग शेजारी बसलेल्या कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "हाच तो इंजिनेर. माझ्या एका शब्दावर कागद पुसून टाकला ह्याने. नोकरीची पर्वा नाही केली."

त्या माणसाने फोन हातात घेतला आणि मला अदबीने सलाम केला. मी तो घेतला.