रफिकभाईंचा बोर्ड

रफिकभाईंच्या दुकानात वायरींचं एक खोकं आहे. त्यात वायर ठेवताना मी कुणाला पाहिलेलं नाही आणि काढतानाही नाही, तरी दर वर्षी ते आणखी भरलेलं दिसतं. एक वायर ओढली की पाच बाहेर येतात. आमच्या बोर्डाच्या किश्शांचं तसंच झालंय. कोणीतरी सहज विचारतं, "ते बोर्डाचं काय झालं हो?" आणि मग सगळ्यांचा चहा गार होतो.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर्ड. जनार्दन भगत आमच्याच एक्स्चेंजचे लाइनमन, राहायला रोडपालीला. आणि रफिकभाई मुकादम, पनवेलच्या बाजारात त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, पण दुकान रोज उघडतं. गेल्या पाच वर्षांत रफिकभाईंना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. कानात मशीन घालतात, पण त्यातून फक्त पंखा ऐकू येतो म्हणतात. समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून ओळखतात. फोनवर मात्र काहीच नाही. त्यामुळे त्यांनी हळूहळू माणसांत येणंच सोडलं होतं.

मग एक दिवस त्यांचा मेसेज आला, "दुकानात या. मशीन चालू झाली."

मशीन म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. तरुणपणी ते कुवेतला होते, तिथून आणलेला. सगळा कॉम्प्युटर कीबोर्डमध्येच, मागं वायर लावून टीव्हीला जोडायचा. तेव्हा विमानतळावर कस्टमच्या साहेबानं विचारलं होतं, "हे काय?" कॉम्प्युटर म्हटलं तर अडकवतील, म्हणून रफिकभाई म्हणाले, "टाइपरायटर."

साहेबानं तो उलटासुलटा करून पाहिला. "कागद कुठून घालतात?"

"साहेब, म्हणूनच स्वस्त मिळाला."

साहेबानं जाऊ दिलं. वर म्हणाला, "पुढच्या वेळी नीट बघून घेत जा."

*

बोर्ड म्हणजे काय ते मला समजायला दोन दिवस लागले, तुम्हाला दोन ओळींत सांगते. रफिकभाईंच्या कॉम्प्युटरला फोनची लाइन जोडलेली, मध्ये मोडेम नावाची डबी. आपण घरच्या कॉम्प्युटरवरून तसल्याच डबीनं फोन लावायचा. दोन्ही डब्या एकमेकींवर किंचाळतात आणि मग रफिकभाईंची नोटीस-पाटी आपल्या पडद्यावर दिसते. वाचायचं, लिहायचं, फोन ठेवायचा. मग दुसऱ्यानं लावायचा.

मी म्हटलं, "अहो, व्हॉट्सॲप आहे की."

"त्यात सगळी दुनिया एकदम बोलते," ते म्हणाले. "ह्यात एका वेळी एकच माणूस येतो. तो काय म्हणतो ते मला पुरतं वाचता येतं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं दुकानासाठी लँडलाइन मागायला टेलिफोन ऑफिसात गेलो.

काउंटरवर एक मुलगी होती. तिनं न विचारताच फॉर्म पुढं केला. वर लिहिलं होतं, फोन बंद करणेबाबत.

"बंद नाही करायचा, नवीन हवाय," मी म्हटलं.

"हो, पण आधीचा कुठला बंद करायचा?"

"आधीचा नाहीच."

तिनं आतून दोघांना बोलावून आणलं. ते आमच्याकडं बघून गेले. मग बऱ्याच शोधानं दुसरा फॉर्म सापडला. तो भरताना ती रफिकभाईंना काहीतरी विचारत होती, ते उत्तर देईनात. भगत म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाय."

"मग फोन कोणाच्या नावावर?"

"त्यांच्याच."

तिनं पेन खाली ठेवलं. त्यांना दिसेल असं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "काका, ऐकू येत नाही तर फोन कशाला?"

"मला कशाला," रफिकभाई म्हणाले. "कॉम्प्युटरला हवाय. त्याचे कान चांगले आहेत."

*

आम्हाला मिळालेला नंबर पूर्वी कुठल्याशा मंगल कार्यालयाचा होता. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फोन आला की मोडेम आपणहून उचलायचा आणि किंचाळायचा. रफिकभाईंना ना रिंग ऐकू येणार, ना किंचाळणं. त्यामुळे आठवडाभर लोक लग्नाच्या तारखा विचारत होते आणि आमची डबी त्यांना उत्तरं देत होती.

एक दिवस नेऱ्याहून एक गृहस्थ पत्ता काढत दुकानातच आले. हातात पत्रिकेचा नमुना. आत बघून म्हणाले, "हॉल कुठाय?"

मी तिथंच होते. म्हटलं, "हॉल नाहीये हो इथं. तुम्ही फोन केला होता का?"

"अकरा वेळा केला."

"मग तो आवाज ऐकून कळलं नाही?"

"कळलं ना," ते म्हणाले. "दर वेळी मागं सनई चालू. म्हटलं, एवढी लग्नं लागतात म्हणजे हॉल चांगलाच असणार."

*

पावसाळा संपता संपता लाइनमध्ये खरखर सुरू झाली. बोर्डाला फोन लावला की अर्ध्यातून तुटायचा. आम्ही तक्रार नोंदवली. माणूस उद्या येईल म्हणाले. भगतांना उद्यापर्यंत धीर निघेना. चाळीस वर्षं त्यांनी पनवेलच्या लाइनी सांभाळलेल्या. ते समोरच्या रसवंतीवाल्याची शिडी घेऊन आले आणि गुडघे धरत धरत खांबावर चढले.

खाली गर्दी झाली. ट्रॅफिकचा एक हवालदार आला. त्यानं वर बघून विचारलं, "ओ काका, कोणत्या खात्याचे?"

"रिटायर आहे," भगतांनी वरून सांगितलं.

"मग कोणाच्या ऑर्डरीनं चढलात?"

"नोकरीला लागलो तवा चडाची ऑर्डर दिलेली," भगत म्हणाले. "ती रद्द झाल्याचा कागद अजून आला नाय."

हवालदारानं थोडा विचार केला आणि शिडी धरून उभा राहिला.

*

रफिकभाईंच्या घरी भाभी, म्हणजे झुबेदाभाभी. दुकानात लँडलाइन आल्याचं कळल्यावर त्या रोज अकरा वाजता फोन करायला लागल्या. डब्यात काय दिलंय, येताना काय आणायचं, नळाला पाणी आलं का नाही, सगळं सांगायच्या. इकडून अर्थात मोडेम किंचाळायचा. पडद्यावर काहीबाही खुणा उमटायच्या, कंस, टिंबं, फुल्या.

रफिकभाई त्या खुणा पुसत नसत. म्हणायचे, "कंस जास्त आले की डब्यात वांगं असतं." आणि खरोखर, लागोपाठ तीन दिवस वांगं निघालं.

मी एकदा भाभींना गाठून म्हटलं, "भाभी, फोनवर भाई नसतात. ते मशीन असतं."

"मालूम आहे मला," भाभी म्हणाल्या. "पण पूर्वी मी तासभर बोलायची तर ह्यांचं हूं की चूं नाही. आता कोणी निदान ओरडतं तरी."

*

त्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही. सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचं. त्यानं एकदा भलताच घोळ झाला आणि तो माझ्याच हातून झाला.

भगत सकाळी माझ्याकडं आले होते. करंजाला मासळी आणायला चालले होते, रफिकभाईंनाही थोडी आणणार होते. म्हणाले, "भाईंना कळवा तेवडं." ते निघाले, मी बोर्डावर लिहिलं:

BHAGAT GELE. 11 LA.

एवढंच. मला काय त्यात वावगं दिसलं नाही.

रफिकभाईंनी ते वाचलं. दुकान बंद केलं, टोपी घातली आणि रिक्षा करून थेट रोडपाली. भगतांच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, दार उघडलं. रफिकभाई दारातच रडायला लागले. वहिनी सांगतायत, "ते करंजाला गेलं हायत, मावरा आनायला." ते ह्यांना ऐकू येईना, आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे ओठही दिसेनात. मोठा माणूस आपल्या दारात रडतोय म्हणून वहिनी घाबरल्या. त्यांना वाटलं, ह्यांना काहीतरी कळलंय जे आपल्याला कळलेलं नाही. त्याही रडायला लागल्या. भगतांचा मोबाइल घरातच चार्जिंगला. मग शेजारी आले. कोणीतरी सतरंजी टाकली.

तास-दीड तासानं भगत आले. दोन्ही हातांत पिशव्या. दारात चपलांचा ढीग, आत माणसं खाली मान घालून बसलेली. भगतांनी मुकाट्यानं पिशव्या बाहेर ठेवल्या, चपला काढल्या आणि सगळ्यांच्या मागं जाऊन बसले. पाचेक मिनिटं ते तसेच मान खाली घालून बसले. मग शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेला रं?"

शेजारच्यानं वर न बघताच सांगितलं, "तू."

*

आता हा शेवटचा. हा सांगायला घेतला की भगत उठून बाहेर जातात.

कॉम्प्युटरची मेमरी इतकी कमी की आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्यातली बरीचशी भगतांनी घेतली होती. खाडीतली केबल बंद पडली होती आणि ते होडीतून फॉल्ट शोधत फिरले होते, नोकरीतली ती हकिकत त्यांनी क्रमशः लिहायला घेतली होती. एका बोटानं टाइप करायचे. सहा भाग झाले तरी भगत अजून होडीत बसले नव्हते. खरं सांगायचं तर तिसऱ्या भागानंतर मी फक्त शेवटची ओळ बघत होते. रफिकभाई सगळं वाचायचे, पण ते सगळंच वाचतात.

रफिकभाईंची मुलगी नीलोफर पुण्याला नोकरी करते. अब्बांना ऐकू येईनासं झालं तसं तिचं त्यांच्याशी बोलणं आईमार्फतच व्हायला लागलं. "अब्बा ठीक आहेत", "नीलू ठीक आहे", एवढंच. ईदला आली तेव्हा रफिकभाईंनी तिला एक मोडेम दिला होता. तिनं हसून बॅगेत टाकला. तेव्हापासून रफिकभाई रोज सकाळी सभासदांची यादी बघायचे. आम्ही तिघं आणि दुपारी कोणीतरी येऊन नुसतं वाचून जाणारा एक बिननावाचा पाहुणा. भगतांचं म्हणणं, तो पाहुणा म्हणजे लाइनमधला फॉल्ट आहे.

एके दुपारी आम्ही तिघंही दुकानात होतो आणि पडद्यावर नाव आलं, नीलोफर. रफिकभाई उठून उभे राहिले. एकेक अक्षर उमटायला लागलं. मी इथं मराठी अक्षरांत सांगते:

"अब्बा, एक गोष्ट सांगायची आहे. कुणाला सांगू नका. मी"

आणि खाली आलं, मेमरी फुल. लाइन तुटली.

मग रफिकभाई म्हणाले, "मी काय?"

भगत म्हणाले, "लगीन ठरवलं असंल."

"नोकरी सोडली असेल," मी म्हटलं आणि मोबाइल काढला. "थांबा, मी विचारते तिला."

रफिकभाईंनी माझा हात धरला. "शुभदाताई, पाच वर्षांनी पोरगी मला काहीतरी सांगतेय. आईला नाही, मला. ती इथंच सांगेल. जागा करा."

जागा करायची म्हणजे काहीतरी पुसायचं. माझी लिंबाच्या लोणच्याची कृती होती, ती मी लगेच पुसली. चार ओळी मोकळ्या झाल्या. रफिकभाईंनी बोर्डाचे नियम पुसले. आणखी तीन. बाकी होते ते भगतांचे सहा भाग. त्यांचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

भगत खिडकीकडं बघत होते. म्हणाले, "पुसा आमचं."

"अहो, पण तुम्ही इतके दिवस बसून..."

"पुसा, ताई. आमाला सगळा पाठ हाय."

रफिकभाईंनी एकेक भाग पुसला. प्रत्येक वेळी त्यांनी भगतांकडं बघितलं आणि प्रत्येक वेळी भगतांनी मान हलवली. मग आम्ही वाट बघत बसलो. रिंग ऐकू येत नाही म्हणून रफिकभाई फोनवर तळवा टेकवून बसले होते. चहा आला, कोणी घेतला नाही. वीसेक मिनिटांनी त्यांचा तळवा थरथरला. मोडेम किंचाळला आणि अक्षरं यायला लागली.

"मी रोज दुपारी ऑफिसच्या फोनवरून तुमचा बोर्ड वाचते. साहेबांना माहीत नाही. भगतकाकांचा सातवा भाग कधी येणार? ते होडीत बसले का?"

रफिकभाईंनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग उठून आपली खुर्ची भगतांना दिली.

भगत बसले. कीबोर्ड जवळ ओढला. एक बोट वर धरून बराच वेळ तसेच बसून राहिले. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "शुभदाताई, पयला भाग कुटून सुरू केलेला आमी?"