दोनदा गाळलेला चीक

आता हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू! पण चहा पाजलात, तर ऐका माझा शहाणपणा.

साल सत्तरच्या आसपासचं. मी धुळ्याच्या एका शाळेत नुकताच विज्ञानाचा मास्तर झालो होतो. नवी डिग्री, मग काय विचारता! धाकट्या बहिणीला, कुसुमला, बघायला फैजपूरची मंडळी येणार होती. आणि आदल्या दिवशी तिच्या गालांवरच्या पुटकुळ्या लाल होऊन सुजल्या. बिचारी रडायला लागली. आधीची दोन स्थळं परत गेलेली.

"रडतेस कशाला? वनस्पतींच्या रसात सूज उतरवायचा गुण असतो!"

न्हाणीमागे केळ होती. खोड कापून मी रस काढला. आई ओरडली, "भाऊ, केळीना चीक शे तो! डाग निंघत नही!"

"ते कपड्यावर गं! आणि मी शाळेच्या गाळणकागदातून दोनदा गाळलाय."

रस दिसायला अगदी पाण्यासारखा. कुसुमने डोळे मिटून गाल पुढे केले. दादावर केवढा विश्वास!

सकाळी बघतो तर काय? दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे! माझी बोटं उमटलेली, हवी तर मोजून घ्या. कापलेलं वांगं हवेने काळं पडतं, लिंबू पिळलं तर पडत नाही, हे नववीला कोण शिकवत होतं? मीच! साबण, डाळीचं पीठ, लिंबू, सगळं चोळून झालं. सूज उतरली की नाही, तेही त्या डागांखाली दिसेना.

मंडळी आली. मुलाचे वडील, नाना, केळीचे बागायतदार. त्यांनी कुसुमकडे एकदाच पाहिलं.

"हा तं केळीचा चीक हाये. कोनी लावला, पोरी?"

"मीच लावला," कुसुम खाली बघून म्हणाली.

आणि मी? आजही आठवलं की मान वर होत नाही. बहिणीने सगळं अंगावर घेतलं आणि मी पोह्यांची बशी घेऊन पुढे सरकलो.

नानांनी बशी घेतली नाही. ती धरलेली माझी बोटं बघितली. नखांपर्यंत तपकिरी.

"मी... मीच लावला," मी पुटपुटलो. आता बोलून काय उपयोग!

नाना हसले नाहीत.

"पोरगी पसंत हाये आम्हाले," ते म्हणाले. "फक्त एक करा, मास्तर. हळदीच्या दिवशी वाटीले हात लावू नका."