ऑक्टोबरची ओळ

पीरमहंमद मणियार मूळचे भिंगारचे. घरचा धंदा बांगड्यांचा. वडील छावणीच्या बाजारात बसत आणि लग्नसराईत गावोगाव फिरत. पीरमहंमद मात्र पुण्याला जाऊन शेतकीची पदवी घेऊन आले आणि राहुरीच्या बाजूला, कालव्याखालच्या एका सरकारी प्रयोगक्षेत्रावर मदतनीस म्हणून लागले. तिथले लोक त्यांना पीरभाई म्हणत. पाठीमागे काही जण ‘किडे मोजणारा’ असंही म्हणत, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

कालवा आला तसा त्या पट्ट्यात ऊस आला, आणि ऊस आल्यावर काही वर्षांत रानावर पांढरं फुटायला लागलं. पाणी मुरेना, खालचा क्षार वर येऊ लागला, चांगल्या काळ्या जमिनी चोपण होऊन पडल्या. चर खणून पाणी काढून द्या, क्षार धुऊन जाऊ द्या, असा खात्याचा उपाय होता. पीरभाईंना वेगळीच शंका होती. चोपण जमीन मेलेली नसते, तिच्यातले जिवाणू उपाशी असतात, असं त्यांना वाटे. धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक वाढवून मातीत गाडलं तर क्षार हटायच्या आधीच जिवाणू परततात आणि माती मोकळी करायचं काम तेच हाती घेतात. हे खरं असेल तर नुसत्या चरांवर भागणार नव्हतं. पण खरं आहे हे दाखवायचं कसं?

कारभारी नावाच्या शेतकऱ्याचा एक तुकडा असाच पांढरा पडला होता. रेल्वेचा रूळ कालवा ओलांडतो तिथेच, तारेच्या खांबांना लागून. “घ्या, हितं काय जीव हाय का बगा,” म्हणून त्याने तो पीरभाईंना देऊन टाकला. पीरभाईंनी धैंचा गाडला आणि दर महिन्याला माती आणायला सुरुवात केली. उन्हाने वरचा थर तापला की मोजणी बिघडते, म्हणून ते सूर्य उगवायच्या आत सायकलवरून शेतात जात. ती माती पाण्यात कालवून, पाणी पुन्हापुन्हा पातळ करून काचेच्या बशांत घालत. बशांत अगरचा थर असे. हा अगर समुद्री शेवाळापासून करतात. तो जपानहून यायचा आणि लढाईमुळे बंद झाला होता. शिल्लक बरणी ते केशरासारखी वापरत. चार-पाच दिवसांत थरावर ठिपके उमटत. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूचा वाढलेला कुटुंबकबिला. भिंग घेऊन ते मोजायचं.

बेचाळीसच्या ऑगस्टात चळवळ पेटली. नगरच्या किल्ल्यात मोठमोठे पुढारी आणून ठेवल्याची कुजबूज जिल्हाभर पसरली. ठिकठिकाणी तारा तुटू लागल्या आणि रुळांच्या कडेने पोलीस फिरू लागले. पीरभाई तरीही महिन्याच्या महिन्याला जात राहिले. ऑक्टोबरातल्या एका पहाटे ते शेतात उकिडवे बसून माती उकरत होते. झुंजुमुंजू झालं होतं. शेजारच्या उसातून एक माणूस बाहेर आला. तो कारभारीचा पुतण्या छगन होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात लोखंडी पकड. वर खांबावरून तार लोंबत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  छगन मागच्या पावली उसात शिरला.

पीरभाईंनी ठरल्या जागेवरची माती डब्यात भरली, झाकण लावलं आणि सायकल काढली. त्या मातीच्या बशांवर जे उमटलं ते पाहून त्यांनी तीनतीनदा मोजलं. क्षार जेमतेम उतरला होता आणि जिवाणू मात्र कितीतरी पटींनी वाढले होते. इतके महिने वाट पाहत होते तो हाच आकडा.

लेख लिहून, टंकून, कोष्टकं आखून त्यांनी तो प्रमुखांपुढे ठेवला. प्रयोगक्षेत्राचे प्रमुख राधाकृष्ण परचुरे हे काटेकोर माणूस. त्यांनी ओळ न् ओळ वाचली, दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं आणि शिफारशीची सही केली. लेख ज्या विलायती नियतकालिकाला पाठवायचा होता त्याला नमुन्यांची जागा नकाशासह लागे. म्हणून पीरभाईंनी शेत, कालवा, रूळ, पूल, खांब असं सगळं अंतरासकट काढून जोडलं. पाकीट डिसेंबरात टपालात पडलं.

परदेशी जाणारं टपाल तेव्हा मुंबईत उघडून बघत. पुलाचा नकाशा, न समजणारी लॅटिन नावं आणि आकड्यांचे रकाने पाहून पाकीट विलायतेऐवजी नगरला पोलिसांकडे आलं. जानेवारीत पीरभाईंना कचेरीत बोलावणं आलं.

ते पोचले तेव्हा ओसरीवर कारभारी बसलेला दिसला. पागोटं काढून शेजारी ठेवलेलं, ओठ सुजलेला. त्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली. 

फौजदार आरडाओरडा करणारा नव्हता, त्यामुळे भीती जास्त वाटत होती. नकाशाबद्दल त्याने थोडंच विचारलं. तो मातीचा आहे हे त्याला पटलेलं दिसलं. मग त्याने कोष्टक पुढे ओढलं आणि ऑक्टोबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्याच तारखेला तुमच्या शेताशेजारची तार तुटली. पहाटे. स्टेशनमास्तरकडं वेळेची नोंद आहे.”

फौजदाराने लेखाचं पहिलं पान वर काढलं.

“आणि सगळे नमुने सूर्योदयापूर्वी घेतले, असं तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय. म्हणजे तुम्ही तिथं होता. कोण दिसलं?”

कोणी दिसलं नाही म्हणावं, तर रान उघडं, खांब हाकेच्या अंतरावर. ते कोणी मानलं नसतं. छगनचं नाव घ्यावं, तर पोरगा काही वर्षं आत जाणार आणि कारभारीचं घरदार उठणार. आपण आजारी होतो, माती दुसऱ्याने आणली म्हणावं, तर तो दुसरा कोण हे विचारणारच, आणि मग त्या दुसऱ्याला ह्याच ओसरीवर बसवणार. पीरभाई नंतर सांगत की त्या वेळी त्यांना स्वतःच्या लेखाचा राग आला. एवढं नेटकं लिहिलं नसतं तर निसटायला जागा राहिली असती.

“मी त्या दिवशी गेलो नव्हतो,” ते म्हणाले.

“मग हे आकडे?”

“अंदाजाने भरले.”

फौजदाराने कोरा कागद आणि दौत पुढे सरकवली. “तुम्ही खोटं बोलताय, मणियार. पण आत्ता बोललात ते खोटं, की इथं लिहिलंय ते, हे मला ठरवता येत नाही. लिहून द्या.”

ऑक्टोबरचे आकडे प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, मी मनाने घातले, असं पीरभाईंनी स्वतःच्या हाताने लिहून सही केली. दुसरा साक्षीदार नसल्याने कारभारीला काही दिवसांनी सोडलं. छगन तोवर खानदेशात पसार झाला होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, शहजादीला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, “माणूस वाचला, बरं झालं. पण आता तुम्ही काहीही मोजलंत तरी लोक काय म्हणतील?” 

त्या जबानीची नक्कल परचुऱ्यांकडे गेली. त्यांनी पीरभाईंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. खरं काय ते सांगायला सांगितलं. पीरभाईंना वाटलं, सांगून टाकावं. पण परचुरे सरकारी अधिकारी. ऐकलं तर एक तर त्यांना कळवावं लागणार, नाहीतर लपवावं लागणार. दोन्हीपैकी कुठलंही ओझं त्यांच्यावर घालायची पीरभाईंची तयारी नव्हती. जबानी खरी आहे, एवढंच ते म्हणाले.

परचुऱ्यांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “मी सही केली होती त्यावर,” ते म्हणाले. लेख रद्द झाला. नोकरी राहिली, कारण लढाईच्या दिवसांत माणूस मिळत नव्हता. पण मणियारांच्या नावाचा एकही कागद आपल्या सहीने बाहेर जाणार नाही, असं परचुऱ्यांनी बजावलं. प्रयोगशाळेत पीरभाईंनी काही मोजलं की दुसरा कोणीतरी येऊन ते पुन्हा मोजू लागला. 

उन्हाळ्यात कारभारी प्रयोगक्षेत्रावर आला. फाटकाशी उभा राहिला, आत यायला तयार होईना. कचेरीतला विषय त्याने काढला नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “त्यो तुकडा तसाच ठिवलाय. नांगुर घातला न्हाई. तुमाला मोजायचं आसंल तर मोजा.”

पीरभाई तडक परचुऱ्यांकडे गेले. पुन्हा धैंचा गाडतो, म्हणाले. माती तुमच्या देखत काढतो, डब्याला तुम्हीच लाख लावा, बशा तुम्हीच मोजा. मी भिंगाला हात लावणार नाही. परचुरे विचारात पडले. अगरची बरणी तळाला गेली होती. शेवटी त्यांनी होकार दिला. पीरभाईंवर विश्वास होता म्हणून नव्हे, प्रश्न चांगला होता म्हणून.

त्या वर्षी दर महिन्याला सूर्य उगवायच्या आत दोन सायकली त्या रानाकडे जात. वाटेत दोघांत बोलणं नसे. ऑक्टोबर आला आणि परतीच्या पावसाने असं झोडपलं की कालव्याचं पाणी बांध फोडून तुकड्यात शिरलं. त्यातूनही माती आणली. परचुऱ्यांनी बशा उजेडाकडे धरल्या. ठिपके तुरळक होते, मागच्या महिन्याहूनही कमी. त्यांनी आकडा लिहिला, भिंग खाली ठेवलं आणि निघून गेले.

पीरभाईंच्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट काळ. आपण खरं मोजलं होतं हे जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, आणि आता त्यांनाही शंका येऊ लागली. त्या पहाटे घाई झाली होती. डबा नीट बंद केला होता ना? बशांत बाहेरचं काही शिरलं असेल का? ते जेवताना मध्येच थांबत. 

आणखी एका वर्षाची परवानगी मागायला त्यांना धीर होईना. ती परचुऱ्यांनी आपणहून दिली. पाण्याखाली गेलेला नमुना हा काही पुरावा नव्हे, ना बाजूने ना विरुद्ध, असं ते म्हणाले. पण बरणीत एकाच मोजणीपुरता अगर उरला होता. म्हणून मधले महिने सोडून तो ऑक्टोबरसाठी राखायचा ठरला. बिघडलं तर पुन्हा करता येणार नव्हतं.

चव्वेचाळीसला धैंचा पुन्हा गाडला आणि ऑक्टोबर कोरडा गेला. माती आली, बशा भरल्या, कपाटाला परचुऱ्यांनी स्वतः कुलूप घातलं. पाचव्या दिवशी त्यांनी पीरभाईंना समोर बसवलं आणि पहिली बशी काढली. ते मोजू लागले. मध्ये थांबून त्यांनी काचेवर शाईने रेघा मारून चौकोन पाडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पीरभाईंना बसल्या जागेवरून बशी दिसत नव्हती, नुसते परचुऱ्यांचे हलणारे ओठ दिसत होते. दुसरी बशी, तिसरी. बाहेर मोट ओढणाऱ्या बैलांना कोणी तरी हाळी देत होतं.

परचुऱ्यांनी भिंग बाजूला केलं. कपाटातून बेचाळीसचं जुनं कोष्टक काढून नव्या आकड्याशेजारी धरलं.

“त्या वर्षीचे आकडे तुम्ही बनवले नव्हते,” ते म्हणाले.

पीरभाईंनी वाकून दोन्ही आकडे पाहिले.

“मग तसं लिहून का दिलंत?”

“साहेब, ते विचारू नका.”

परचुरे उठले, खिडकीपाशी गेले. परत येऊन त्यांनी बशांवर फडकं टाकलं. “नाही विचारत,” म्हणाले. “लेख पुन्हा लिहायला घ्या. मी सही करतो.”

नव्या लेखात पाण्यात बुडालेलं वर्ष होतं आणि कोरडं वर्ष होतं. बेचाळीसची ओळ नव्हती. जी खोटी आहे म्हणून पोलिसांना लिहून दिली ती खरी म्हणून छापायला पाठवता येत नव्हती. लढाई संपल्यावर पाकीट विलायतेला गेलं. परीक्षकाने आक्षेप घेतला की निष्कर्ष एकाच चांगल्या वर्षावर उभा आहे. पुरावा तोकडा आहे. पीरभाई हसले, तसे ते क्वचितच हसत. लेख आखूड करून, सावध शब्दांत टिपण म्हणून छापला गेला.

देश स्वतंत्र झाल्यावर छगन राजरोस हिंडू लागला. एक दिवस कारभारीसोबत तो पीरभाईंच्या घरी आला. काकाने कचेरीच्या ओसरीवरून ऐकलेलं सगळं आपल्याला कळलं, असं म्हणाला. “तुमी सांगितलं आसतं तर मी आत गेलो आसतो, आज सत्कार झाला आसता. तुमचं मातर नाव गेलं. आता मी कुटंबी लिहून देतो, पीरभाई.”

पीरभाईंनी त्याला बसवलं, चहा पाजला. मग परचुऱ्यांना अखेर खरी हकिगत सांगितली. परचुऱ्यांचं मत पडलं की संपादकांना कळवलंच पाहिजे. आता त्या ओळीमुळे कोणाचं नुकसान नाही, उलट पुरावा बळकट होईल. पीरभाईंनी पत्र लिहिलं. घडलं ते थोडक्यात, आकडे पूर्ण, शेवटी छगनची सही.

उत्तर यायला पावसाळा उजाडला. संपादकांनी सहानुभूती कळवली होती. मात्र ज्या आकड्यांना त्यांच्याच कर्त्याने एकदा लेखी नाकारलं ते मागाहून घेण्याची आपली प्रथा नाही, सबब क्षमस्व, असा मजकूर होता. परचुरे संतापले, पुन्हा लिहू, वर लिहू, म्हणाले.

“नको,” पीरभाई म्हणाले. “त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं.”

त्यांनी ते पत्र शहजादीला मराठीत वाचून दाखवलं. आठवडाभराने ते अकोळनेरच्या एका नव्या चोपण रानाची माती आणायला निघून गेले.